बेडकीचा डावा डोळा

पारण्याच्या दिवशी सकाळी अल्पनाने मुगाच्या पाण्याचं पातेलं गॅसवर इतक्या जोरात आदळलं, की शेजारच्या खोलीत पतासीबाईंच्या हातातली माळ थांबली.

"पातेल्यानं काय बिघडवलंय तुझं?" सासूबाईंनी तिथूनच विचारलं.

"पातेल्यानं काही नाही बिघडवलं, बाई. ज्यांनी बिघडवलं ते बोलत नाहीयेत."

घरात परवापासून हेच चाललं होतं. जो तो पातेल्याशी, दाराशी, मोबाइलशी बोलत होता. आणि ज्यांच्याशी बोलायला हवं होतं ते सासरे, सुभाषचंद शेठ, वय वर्षं एकाहत्तर, पुढच्या खोलीत गादीवर पाठ ताठ करून मौन पाळत बसले होते. पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचं, संवत्सरीचं मौन ते दर वर्षी पाळायचे. पण यंदा ते एक दिवस आधीच सुरू झालं. राजेंद्र मेस्त्रीला रक्ताळलेल्या हातानं अक्कलकुव्याच्या दवाखान्यात नेलं, त्यानंतर अर्ध्या तासात शेठनी पाटीवर लिहिलं, 'पारण्यापर्यंत मौन', आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली. एवढ्या घाईनं त्यांनी आयुष्यात दुसरं कुठलं व्रत घेतलं नसेल.

तिचा नवरा पुनीत फेट्याचं कापड खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात आला. "नऊला वरघोडा निघायचाय. रक्षा तयार झाली का? गाडी धुवायला लावू का?"

"एक डोळा उघडा, एक बंद, अशी गाडी काढणार वरघोड्यात?"

"मग काय करू? मेस्त्री कुठून आणू आता?"

"होता एक. त्याची बोटं आपण मोडली."

पुनीतने दार लोटलं. "हळू बोल. बाहेर माणसं यायला लागलीत."

रक्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी. नंदुरबारला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि यंदा तिनं अठाई केली होती. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. घराण्याचा रिवाज असा की तप पूर्ण करणारं माणूस बेडकीत बसून मिरवणुकीनं, म्हणजेच वरघोड्यानं, जैन स्थानकात जायचं, मग पारणं करून उपास सोडायचं. बेडकी म्हणजे रक्षाच्या धाकट्या आजोबांनी, शेठच्या भावानं, एक्क्याण्णव साली मस्कतहून परतताना जहाजावर चढवून आणलेली दोन दारांची, मरून रंगाची जपानी गाडी. बटण दाबलं की तिच्या बॉनेटमधून दोन दिवे डोळे वटारल्यासारखे वर येतात. खापर गावच्या बाजारात ती पहिल्यांदा आली तेव्हा डोंगरातून आलेली माणसं हाट सोडून बघायला जमली होती, आणि तिचं नाव तेव्हाच पडलं. धाकटे आजोबा गेले, गाडी राहिली. तिचा डावा डोळा मात्र दिवाळीपासून अर्ध्यावरच अडकायला लागला होता.

म्हणून परवा पुनीतनेच राजेंद्रला बोलावलं होतं. राजेंद्र मूळचा वर डोंगरातल्या पाड्यावरचा. खापर फाट्यावर पंधरा वर्षं त्याचं गॅरेज होतं, आणि त्याची काम करायची एक रीत होती. अल्पनाने ती स्वतः बघितली होती. चहा द्यायला ती शेडमध्ये गेली, तेव्हा त्यानं आधी बॅटरीची काळी तार काढली, तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं, आणि मग तिला दाखवलं.

"भाभी, या गाडीना दिवासले चावी लागत नही. बटन दाबं का लगेच हालतस. मोटारमा लई ताकद शे, बोट सापडनं तं सोडाव नही. म्हनीसन पहिले तार काढानी. मंग हाई देखा," त्यानं दिव्यामागची रबरी टोपी काढून आतला गोल खुंटा दाखवला, "याले हातवरी फिरावं का दिवा धीरेधीरे वर येस. जोर लावाना नही."

आतलं प्लास्टिकचं बुश, पिनवर बसणारी बारीक नळी, झिजलं होतं. त्यानं अक्कलकुव्याच्या खरादीवाल्याकडून लेथवर पितळी बुश करून आणलं होतं. ते फटफटीच्या डिकीत राहिलं म्हणून तो रस्त्यावर गेला. पाच मिनिटं, फार तर सहा.

पुढचं अल्पनाने पाहिलं नाही. ऐकली फक्त किंकाळी. ती धावत गेली तेव्हा राजेंद्र गाडीसमोर गुडघ्यांवर होता, त्याचा उजवा हात डाव्या दिव्याच्या झाकणाखाली मनगटापर्यंत गेलेला. उघड्या बॉनेटच्या पलीकडे, चालकाच्या जागेवर, सासरे बसलेले. पुनीत ओरडत होता, बटण पुन्हा दाबा, पुन्हा दाबा. राजेंद्र त्याच्याहून मोठ्यानं ओरडला, "बटनले हात लावू नका! तार काढा! भाभी, तार!"

तार काढली ती अल्पनाने. खुंटा फिरवला तिनेच, सावकाश, तो सांगेल तसा. दिवा बोटभर उचलला गेला आणि हात सुटला. तो हात तिला अजून डोळे मिटले की दिसत होता. आणि आणखी एक गोष्ट तिनं पाहिली होती. तार काढायला गेली तेव्हा ती बॅटरीला घट्ट बसवलेली होती, आणि फडकं खाली जमिनीवर पडलं होतं.

"तार कुणीतरी लावली, पुनीत."

"सुटली असेल फडक्यातून. टेकली असेल."

"स्वतःहून पिळून पण बसली?"

"बापूजी म्हणाले ना, मी काही केलं नाही!"

"ते म्हणाले, आणि लगेच मौनात गेले."

पुनीतने आवाज चढवला. "तुला काय हवंय? गावासमोर सांगू, माझ्या बापानं माणसाचा हात चिरडला? पर्युषणात? दवाखान्याचं सगळं मी बघणार आहे, सांगितलंय त्याला."

"आणि बाजारात काय सांगितलंस?"

पुनीतने फेट्याचं कापड एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"दूधवाला सांगून गेला मला. राजेंद्रनं बॅटरी न काढता हात घातला म्हणे. हे तू बोललास?"

"करमसिंगनं विचारलं, काय झालं. काहीतरी सांगावं लागतंच ना माणसाला." करमसिंगच्या चार पिकअप गाड्या होत्या आणि त्या आठ वर्षं राजेंद्रच्याच हातून दुरुस्त व्हायच्या. "एवढंच म्हटलं, घाईत राहून गेलं असेल त्याचं."

अल्पनाने गॅस बंद केला. तिला असा राग आला होता की हातातला चिमटा कुठे ठेवावा ते सुचेना. ज्या माणसानं तिला तार काढायला शिकवली, तोच तार काढायला विसरला, असं आता गाव म्हणणार. उद्या त्याच्याकडे कोण गाडी देईल? हात मोडलेला मेस्त्री बरा होतो. हलगर्जी म्हणून नाव झालेल्या मेस्त्रीचं फाट्यावर काही उरत नाही.

"तुम्ही लोक," ती म्हणाली, "पाणी तीनदा गाळून पिता. आणि खोटं न गाळता."

*

सुभाषचंदांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. मौनाचा हा एक तोटा त्यांना ह्याआधी कधी जाणवला नव्हता.

त्यांना कुणी नीट विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं ते स्वतःला सांगत होते. पण कुणी नीट विचारत नव्हतं, सगळे ओरडत होते. आणि खरं तर, सांगायचं तरी काय? की त्यांनी पालीला वाचवलं?

पावसाळ्यात बेडकीच्या डोळ्यांच्या खोबणीत पाली बसतात, किडे बसतात, एकदा सरडा निघाला होता. म्हणून तीस वर्षांचा त्यांचा नेम होता. गाडीला कुणीही हात लावण्याआधी ते आत बसायचे, बटण दोनदा दाबायचे, दिवे वर-खाली करायचे, की आतला जीव निघून जावा. ह्याला जयणा म्हणतात. आपल्या हालचालीनं बारीकसा जीवही दुखावू नये म्हणून घ्यायची काळजी. गावात कौतुकानं सांगायचे लोक, सुभाषचंद शेठ मुंगीला पण वाट देतात.

परवा त्यांना शेडमध्ये गाडी एकटीच दिसली. मेस्त्री कुठे गेलेला. आता येईल आणि हात घालेल आत, पाल असली तर चिरडेल, असं त्यांच्या मनात आलं. ते आत बसले, बटण दाबलं. काही हललं नाही. उतरून बघतात तर बॅटरीची तार सुटलेली. ती तार पूर्वीही सैल व्हायची, त्यांनीच अनेकदा बसवली होती. फडकं बाजूला केलं, तार बसवली, पाना पडलेलाच होता तो फिरवला. हाताला ग्रीस लागलं म्हणून नळावर गेले, साबणानं हात धुतले, पंच्याला पुसले. परत आले ते मागच्या बाजूनं. बॉनेट उघडं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं, तोवर परत आलेला मेस्त्रीही. बसले. बटण दाबलं.

आणि त्या किंकाळीनंतर, पुनीत धावत येऊन "काय झालं, काय केलं?" म्हणाला तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "मी काही केलं नाही." ते त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. पोरानं काच फोडल्यावर म्हणावं तसं ते निघून गेलं होतं. मग ते मागे घ्यायला प्रत्येक तासाला जास्त जड होत गेलं.

काल संध्याकाळी प्रतिक्रमणात चौऱ्यांशी लाख जीवयोनींची क्षमा मागताना त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं, ते लवकर उचललंच नाही. शेजारी बसलेल्यांना वाटलं, केवढा भाव.

*

संध्या आली ती साडेआठला. राजेंद्रची बायको, दहावी शिकलेली, आश्रमशाळेत स्वयंपाकाला जायची. अंगणात वरघोड्याची माणसं जमली होती, ढोलवाले विड्या ओढत ओट्यावर बसले होते. त्यांच्यातून ती सरळ पुढच्या खोलीत आली. चप्पल मात्र तिनं बाहेर काढली होती.

"या, या," पुनीत उठला. "कसं शे राजेंद्रनं आते?"

"बाहेर उभा शे. गाडीपासी." तिनं पुनीतकडे बघितलंही नाही. "शेठ, मी तुम्हले इचाराले उनू. काल करमसिंगदादानी गाडी अक्कलकुवाले दुसराकडे धाडी. मन्हा नवरानी बॅटरी नही काढी म्हने. तो म्हनस काढी व्हती. तुम्ही तठे बसेल व्हतात. तुम्हीच सांगा."

पतासीबाई आतून आल्या. गोष्ट घरातली होती आणि घरातच राहावी, इतकंच त्यांना कळत होतं. "बाई, त्यास्नं मौन शे. पारनं व्हऊ दे, मंग बोलतीन. पुनीत बठ्ठा खर्च करी ऱ्हायना ना?"

"खर्च माले नको, शेठाणी. माले नाव पाह्यजे. फाटावरनी लोकं आते त्याले हासतस."

रक्षा आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. अंगावर जरीची साडी, डोक्याला सोन्याचा टिकला, आणि आठ दिवसांच्या उपासानं चेहरा उतरून गेलेला. ती आजोबांकडे बघत होती. सुभाषचंदांना ते बघणं सहन होईना. त्यांनी शेजारच्या गठ्ठ्यातून एक कार्ड उचललं, दोन्ही हातांनी संध्यापुढे धरलं आणि मान झुकवली.

ते क्षमापनेचं कार्ड होतं, दुकानाच्या नावाचं, चारशे छापलेलं. संध्यानं ते वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

"शेठ, हाई तं छापेल शे," ती म्हणाली. "आज सकायपासून बठ्ठासले वाटी ऱ्हायनात तुम्ही. ढोलवालासनी हातमा बी शे." तिनं बोट ओळीवर ठेवलं. "आठे लिखेल शे, कळत-नकळत चूक झाली असेल तर. कळत का नकळत? येक काय ते सांगा. आनि कोनती चूक, ते आठे कोठे शे?"

ती ओळ सुभाषचंदांनीच छापखान्याला सांगितली होती. वर्षानुवर्षं तीच.

"दादाजी," रक्षा म्हणाली. आवाज बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "बटण तुम्ही दाबलं?"

शेठनी पाटी ओढली. पेन्सिल हातात घेतली. लिहिलं काहीच नाही.

"नसाल सांगणार तर मी त्या गाडीत बसत नाही. आणि पारणंही नाही करत."

"रक्षा!" पुनीत ओरडला. "आठ दिवस झालेत पोटात काही नाही, चक्कर येऊन पडशील! अल्पना, काय शिकवलंयस हे तिला?"

"मी नाही शिकवलं. हे तुमच्याच घरात शिकली ती, उपाशी राहायला."

"बापूजींचं वय बघा! मौन आहे त्यांचं, धर्माची गोष्ट आहे, आणि तुम्ही तिघी मिळून..."

"पाटी द्या इकडे," पतासीबाई म्हणाल्या.

त्या नवऱ्याशी बोलत होत्या. सुभाषचंदांनी वर बघितलं. पन्नास वर्षांत बायकोनं त्यांच्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. पतासीबाईंनी पाटी घेतली आणि पदरानं पुसली. त्यांना परवाच कळलं होतं. नळावर ग्रीसनं काळा झालेला साबण बघून कळलं होतं, आणि त्यांनी तो घासून धुऊन टाकला होता. आज संध्याचं बोट कार्डावर बघून त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ संतापच आला.

"बारीक जीव मरू नये म्हणून दिवा लावत नाही आपण सांजेला. आणि त्याचा हात? हे मौन नाही तुमचं. तुम्ही भ्यालात. मला परवापासून माहीत आहे, आणि मी पण गप्प राहिले. आता पारणं कुणी करायचं नाही ह्या घरात. मी पण नाही."

पुनीतने फेट्याचं कापड जमिनीवर फेकलं आणि तो बाहेर निघून गेला. सुभाषचंद उठले ते गुडघ्यांवर हात देऊन, दोन प्रयत्नांत. कुणी हात दिला नाही.

*

राजेंद्र शेडमध्ये गाडीला पाठ लावून उभा होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, गळ्यात झोळीला बांधलेला. दोन बोटं मोडली होती, मधल्या बोटाचं टोक राहील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हता. डाव्या हातात पितळी बुश. वरघोड्याची निम्मी माणसं आता शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती, आणि त्यांच्यात करमसिंगही होता. पुनीत एका बाजूला, कुणाकडेच न बघता.

"अर्ध काम सोडीसन मी जात नही," राजेंद्र म्हणाला. तो शेठशी बोलत होता की गावाशी, ते कळत नव्हतं. दोन रात्री तो झोपला नव्हता. बोटं ठणकत होती म्हणून नाही, ठणका सोसता येतो. बाजारात पोरंटोरं त्याला बघून आपला हात बगलेत दाबून नाचत होती, त्यानं झोप गेली होती. "या गाडीना डोया उघडा नही तं मन्हं नाव जाई. गयंच शे म्हना. मी सांगस, कोनी तरी हात घाला. मन्हा तं आते घालता येत नही."

"मी घालते," अल्पना पुढे झाली.

सुभाषचंदांनी तिला हातानंच बाजूला केलं. बॉनेट उचललं, दांडी लावली. पाना घेतला आणि बॅटरीची काळी तार काढली. पाना दोनदा निसटला. तार दूर धरून ते थांबले.

"फडकं गुंडाया," राजेंद्र म्हणाला. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून गुंडाळला. "आते मी बटनपासी बससू. मी तठे शे तवलग दुसरा कोनी बसाव नही. परवा तेच चुकनं. मन्हंच चुकनं ते, आपला मानूस बसाडाले पाह्यजे व्हता."

तो जाऊन चालकाच्या जागेवर बसला, दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर.

अल्पनाने टॉर्च धरला. सुभाषचंदांनी गाडीसमोर गुडघे टेकले, खुंटा फिरवून दिवा अर्धा वर घेतला आणि हात आत घातला. आत काळोख, तेलाचा वास, आणि लोखंडाच्या दोन पट्ट्या. पितळी बुश पिनवर चढवायचं होतं आणि वरून क्लिप दाबायची होती. वर बॉनेट होतं. बॉनेटच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

तार त्यांनी स्वतः काढली होती. रुमालात गुंडाळलेली ती त्यांच्या खांद्याशीच लोंबत होती. तरी त्यांचा कान पलीकडेच लागला होता. पलीकडे राजेंद्र बसला होता, डावा हात मोकळा, आणि बटण त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर. सीटची स्प्रिंग करकरली. राजेंद्र हलला असेल नुसता. सुभाषचंदांचा हात आतल्या आत आखडला आणि क्लिप निसटली.

"राजेंद्र," ते म्हणाले. दोन दिवसांनी आवाज निघाला होता, फाटका. "राजेंद्र, परवा ती तार..."

"थांबा!" बॉनेटपलीकडून आवाज आला. "शेठ, पहिले हात बाहेर काढा."

सुभाषचंद थांबले.

"हात मझार शे तवलग तुम्ही जे बोलशात, ते माले नको. भीतीमा कोनी बी काही बी बोलस. बुश बसाडा, क्लिप लावा, हात काढा. मंग बोलनं व्हई तं बोला."

इतका राग त्या आवाजात होता, आणि इतकं स्वच्छ बोलणं, की सुभाषचंदांना परवापासून पहिल्यांदा खरोखरची लाज वाटली. ती गावाची नव्हती, ह्या माणसाची होती. त्यांनी डोळे मिटले, चाचपून क्लिप शोधली आणि अंगठ्यानं दाबली. ती कट् करून बसली.

त्यांनी हात बाहेर काढला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत ग्रीस. आता गप्प राहता आलं असतं. काम झालं होतं, हात सुटला होता, ढोलवाले तयार होते, आणि कुणी विचारतही नव्हतं. पुनीत त्यांच्याकडे बघून मान हलवत होता, नका, नका. सुभाषचंद गाडीला धरून उभे राहिले.

"राजेंद्रनी बॅटरी काढेल व्हती," ते म्हणाले.

"करमसिंगदादाले ऐकू नही उनं," संध्या म्हणाली.

सुभाषचंदांनी करमसिंगकडे तोंड केलं. "राजेंद्रनी बॅटरी काढेल व्हती!" म्हातारा आवाज चिरकला, पण पार रस्त्यापर्यंत गेला. "तार मी लावी. बटन बी मीच दाबं. तो समोर शे का नही, ते मी देखं नही. आनि मंग खोटं सांगं. मन्हा पोरानी तुम्हले जे सांगं, ते बी खोटं शे."

ढोलवाल्यांपैकी एकानं विडी विझवली. करमसिंगनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि राजेंद्रकडे बघायचं टाळलं. पुनीत गर्दीतून वाट काढत रस्त्याकडे चालता झाला. त्या दिवशी तो दुपारपर्यंत घरी आला नाही, आणि बापाशी बोलायला त्याला त्याहून पुष्कळ जास्त दिवस लागले.

"भाभी, तार लावा," राजेंद्र आतून म्हणाला. "बठ्ठा दूर व्हा. शेठ, तुम्ही बी." तो उतरला, गाडीसमोर येऊन स्वतः बघून गेला, दोन्ही दिव्यांखाली, आणि परत जाऊन बसला. "कोनना हात नही ना?"

"नाही," अल्पना म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. दोन्ही डोळे एकदम वर आले, जरासुद्धा न अडकता. त्यानं ते एकदा बंद केले, पुन्हा उघडले आणि तसेच ठेवून बाहेर आला. रक्षा पायरीवर उभी होती, आजीच्या खांद्याला धरून. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "बेन, आते बसा. गाडी चांगली शे."

सुभाषचंद त्याच्या वाटेत उभे होते. त्यांनी ग्रीसचे हात तसेच जोडले. कार्डावरचे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते, आणि त्यांनी ते गिळले.

"राजेंद्र, मी कळूनसवरून खोटं बोललो. मला माफ कर."

राजेंद्रनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, आणि मग आपल्या पट्टीकडे.

"तुम्ही माफी मांगी, मी ऐकी," तो म्हणाला. "देसू का नही, ते पट्टी सुटनी का, किती बोटं ऱ्हायनात ते देखीसन सांगसू."

आणि संध्याला घेऊन तो माणसांमधून फाट्याकडे निघाला.